टिटवी नकाशावर आली

फिटरला सगळी इमारत फिटर म्हणूनच ओळखायची आणि नळ गळायला लागला की त्याच्याच दारात यायची. तो सांगून सांगून थकला, की बाबांनो, मी नळांचा फिटर नाही, विमानांच्या इंजिनांचा होतो, तेही लढाऊ विमानांच्या. त्यावर लोक म्हणायचे, "मग काय, नळ म्हणजे तुमच्या हातचा मळ!" आणि तो पाना घेऊन निघायचा. खरं तर नळ गळला म्हणून का होईना, दार वाजायचं. पण हात असा साफ, की त्याने एकदा बसवलेला नळ पुन्हा म्हणून गळायचा नाही. त्यामुळे हळूहळू दार वाजणंही कमी झालं.

बायको लेकीकडे गेली होती, समुद्रापलीकडे. लेकीला जुळं झालं तेव्हा बाळंतपणापुरती म्हणून गेली. मग जुळ्यांना दात आले, पाय फुटले, आता ती शाळेत जायला लागली तरी बायकोच्या परतण्याचं नाव नव्हतं. इकडे संध्याकाळ झाली की तिकडे सकाळ व्हायची, आणि चार कामांच्या मधे ती फोन करायची.

"तुम्हीच या ना इकडे. एकटे काय भुतासारखे राहता?"

"आणि अँटेना कोण बघेल?"

"अँटेना काय गाय आहे का, चारापाणी करायला?"

अँटेना म्हणजे गच्चीच्या कठड्याला तारेने आवळलेला एक पाइप आणि त्याच्या टोकाला हातभर काठी. तिची वायर भिंतीवरून खाली उतरून झोपायच्या खोलीत, खिडकीशी ठेवलेल्या एका डबीत शिरायची. आकाशातून जाणारं प्रत्येक प्रवासी विमान सारखं आपलं नाव, उंची, वेग आणि ठिकाण सांगत जातं. माणसाच्या कानाला ते ऐकू येत नाही, डबीला येतं. ते ऐकून डबी संगणकाच्या पडद्यावर नकाशा काढायची आणि नकाशावर मुंगीएवढी विमानं सरकायची. फिटर त्यांना बसगाड्या म्हणायचा. ही सकाळची बस, ही दुपारची, ही आज उशिरा निघाली, वाटेत पंक्चर झाली असेल. असं तो मोठ्याने बोलायचा. ऐकायला कुणी नसलं की माणूस मोठ्यानेच बोलतो.

अशा डब्या बाळगणारे आणखी वीसेक जण होते, ठिकठिकाणी विखुरलेले. विमानांचे फॅन म्हणून त्यांनी आपल्या टोळक्याला नाव दिलं होतं पंखा मंडळ. प्रत्येकाची डबी ऐकलेलं सगळं एकाच सामायिक नकाशावर पाठवायची. मंडळाचा कारभार एक दातांचा डॉक्टर बघायचा. सुरुवातीला काय बहार होती! जुन्या लढाऊ विमानांचे फोटो यायचे, शेपटीवरच्या एका आकड्यावरून दिवसदिवस हमरीतुमरी व्हायची. पण हौस पातळ होत जाते. कुणाचं घर बदललं, कुणाची नोकरी गेली, कुणाला बायकोने गच्चीवरचा पाइप काढायला लावला. शेवटी मंडळात उरली ती सकाळी पाठवलेली फुलांची चित्रं आणि त्याखाली उमटलेला एखादा अंगठा.

आणि त्या नकाशावर टिटवी कधीच दिसली नव्हती.

टिटवीचं कागदावरचं नाव वेगळं होतं, पण हवाई तळावर सगळे तिला टिटवीच म्हणायचे. इंजिन सुरू होताना आधी पोटातून गुरगुर, मग एकदम अशी किंचाळी, की नव्या पोरांनी कान धरून खाली बसावं. लांब नाक, आखूड पंख, एकच इंजिन, आणि रुसवे असे की थंडीत हलायची नाही आणि उन्हात धड बसायची नाही. फिटरने आपलं तारुण्य तिच्या पोटाखाली उताणं पडून काढलं. तिच्या तेलाचा वास त्याच्या कातडीत मुरला होता. लग्नानंतर बायको म्हणाली होती, "सवत असती तर हाकलून दिली असती, हा वास कुठे हाकलू?" मग टिटव्या जुन्या झाल्या. बऱ्याचशा भंगारात गेल्या, एकदोन चौकातल्या चौथऱ्यांवर चढल्या. त्यांच्या काळात असं नाव सांगत जाणारं यंत्र नव्हतंच, आणि आजची लढाऊ विमानंही बहुतेक तोंड मिटूनच उडतात. म्हणून फिटरच्या पडद्यावर जन्मभर नुसत्या बसगाड्या.

त्या रविवारी बायकोचा फोन एरवीपेक्षा लवकर, दुपारीच यायचा होता, तो आला नाही. जुळ्यांपैकी एकाचं पोट बिघडलं होतं, तसा दोन ओळींचा निरोप आला. फिटरने ब्रेडचे दोन तुकडे अंड्यात बुडवून भाजले, खाल्ले, ताटली धुतली आणि पडद्यासमोर येऊन बसला. डबी आणि पडदा नीट चालतात का ते बघायला डॉक्टरने एक सोय देऊन ठेवली होती, आपणच एक खोटं विमान काढायचं आणि ते पडद्यावर सरकतं का ते तपासायचं. फिटरच्या मनात आलं, की नाही तरी खोटंच काढायचं, तर बसगाडी कशाला?

त्याने नाव लिहिलं, टिटवी. मग जुन्या तळावरून तिला उठवलं, उत्तरेला नेलं, धरणावर वळवलं, नदीच्या काठाकाठाने परत आणलं. वेग घातला, उंची घातली. हे करताना त्याचे ओठ हलत होते. आणि ती निघाली. मुंगीएवढं चित्र, खाली तिचं नाव, बसगाड्यांना झपाट्याने मागे टाकत. फिटर खुर्चीच्या कडेवर आला. धरणावर ती वळली तेव्हा त्याने नकळत आपलाही खांदा झुकवला.

तपासणी करताना सामायिक नकाशाशी असलेली जोडणी तोडायची असते. ती तोडायला तो विसरला होता.

फोन एकदा वाजला, मग वाजतच राहिला. फुलांच्या चित्रांखाली एकामागून एक ओळी येत होत्या. 'हे काय आहे?' 'मला दिसतंय तेच तुम्हाला दिसतंय का?' 'टिटवी!!!' 'कुणीतरी दुरुस्त करून उडवली!' 'धरणाच्या दिशेने! फिटरकाका, तुमच्या डोक्यावरूनच गेली! पाहिलीत का?'

फिटरने लिहायला घेतलं. 'अहो, ती तपासणी होती, चुकून...' एवढं लिहून त्याचा अंगठा थांबला. वरच्या ओळी त्याने पुन्हा वाचल्या. फिटरकाका, पाहिलीत का? किती दिवसांनी कुणी त्याला काही विचारलं होतं, आणि तेही नळाचं नव्हे. त्याने लिहिलेलं पुसलं आणि नवं लिहिलं.

'हो. पाहिली.'

एकदा शब्द तोंडातून गेला की मग त्याच्या मागे धावावं लागतं. लोकांनी विचारलं, रंग कोणता होता? तो म्हणाला, राखाडी, पोटाला फिकट निळा. आवाज? तोच. डॉक्टरचा तर फोनच आला, दोन वर्षांनी पहिल्यांदा. "काका, अंगावर काटा आला हो! सविस्तर सांगा, अगदी पहिल्यापासून." फिटरने पहिल्यापासून सांगितलं. सांगताना त्याला ती खरोखर दिसत होती, त्यामुळे खोटं बोलतोय असं वाटलंच नाही. संध्याकाळी बायको म्हणाली, "काय हो, आज आवाज तरतरीत येतोय. कुणी आलं होतं का घरी?"

"हो," फिटर म्हणाला, "आलं होतं."

दुसऱ्या दिवशी मंडळात कॅप्टनचा निरोप आला, बोलून पाठवलेला. कॅप्टन म्हणजे टिटवीचे जुने वैमानिक. तळावर फिटरने कित्येकदा शिडीवर चढून त्यांचे खांद्याचे पट्टे आवळले होते. आता ते शेजारच्या गावात मुलाकडे राहायचे आणि मंडळात कधी अवाक्षर बोलायचे नाहीत. त्यांचा आवाज कापरा होता, पण शब्द ठाम. "मी ऐकली. काल अंगणात बसलो होतो. नदीच्या बाजूने आली. या आवाजात माझी चूक होणार नाही."

फिटरने तो निरोप पुन्हा लावून ऐकला.

मंडळाला तर उधाण आलं. दोघांची साक्ष मिळाली, एकाने पाहिली, एकाने ऐकली, आता आणखी काय हवं? ज्याने कुणी टिटवी उडवली तो रविवारी पुन्हा उडवणार, असं कुणीतरी ठामपणे सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं. डॉक्टरने ठरवून टाकलं, की येत्या रविवारी सगळ्यांनी धरणावर जमायचं, कॅमेरे घेऊन. एक जण रात्रभर गाडी चालवत येणार होता. एकाने आजारी आईजवळ बसायला बहिणीला बोलावून घेतलं होतं. हे वाचल्यावर मात्र फिटरला राहवेना. त्याने ठरवलं, आधी कॅप्टनसाहेबांना भेटायचं, खरं काय ते त्यांच्या कानावर घालायचं आणि मग मंडळाला सांगायचं.

मंगळवारी दुपारच्या बसने तो गेला. कॅप्टनच्या सुनेने दार उघडलं आणि तिचा चेहरा खुलला. "तुम्हीच ना फिटरकाका? या, या. परवापासून बाबा दुसरं काही बोलतच नाहीत. आमच्या यांनी तर त्या रात्री तासभर बसून त्यांचे जुने किस्से ऐकले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा!"

कॅप्टनची खोली मागच्या बाजूला होती. कॉट, औषधांचा ट्रे, एक खिडकी. साहेब खुर्चीत बसले होते. खांदे उतरले होते, पण दाढी घोटलेली, शर्टाची कॉलर कडक. श्रवणयंत्र कानात नव्हतं, ट्रेमध्ये गोळ्यांशेजारी पडलं होतं. त्यांनी ते उचलून कानात घातलं आणि म्हणाले, "बस, फिटर. जाड झालास."

"साहेब, तुम्ही मात्र तसेच आहात."

"खोटं बोलायची सवयच लागली वाटतं तुला."

फिटर कॉटच्या कडेवर टेकला. सून चहा ठेवून गेली. ती गेल्यावर त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर दाबले. "साहेब, एक सांगायचंय. ते विमान..."

"नव्हतंच," कॅप्टन म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"नातीने तिच्या संगणकावर दाखवला मला तो नकाशा. धरणावरचं वळण पाहिलं मी. त्या वेगात एवढं आखूड वळण? अरे, पंख गळून धरणात पडले असते आणि त्यांच्या मागोमाग मी. असं वळण वैमानिक घेत नाही, फिटरच घेतो, कागदावर."

"मग साहेब, ऐकली म्हणून का सांगितलंत?"

"तू पाहिली म्हणून का सांगितलंस?"

बाहेर सून कुणाशी तरी फोनवर हसत होती. कॅप्टननी चहाचा कप दोन्ही हातांनी उचलून एक घोट घेतला.

"या घरात सगळे चांगले आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "वेळेवर गोळी देतात, वेळेवर जेवण. पण या यंत्राला मी बॅटरी घालतो ती कशासाठी, हे माझं मला कळत नाही. कुणी माझ्याशी बोलतच नाही, माझ्याबद्दल बोलतात. परवा मुलगा आत आला, खुर्ची ओढली आणि म्हणाला, बाबा, सांगा ना, कसा असतो तो आवाज? मी सांगितलं. नात दारात उभी राहून ऐकत होती. ते वळण तूच काढलंयस, हे मला तेव्हाच कळून चुकलं होतं. पण मी म्हटलं, राहू दे."

"साहेब, रविवारी लोक जमणार आहेत. लांबून लांबून. मला सांगावंच लागेल."

"सांग," कॅप्टन म्हणाले. "तुझं तू सांग. फक्त मला यातून... जमलं तर बघ."

निघताना फिटरने सवयीने त्यांचा खांदा दाबला, पट्टा घट्ट बसलाय का ते बघावं तसा. साहेबांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला. "येत जा रे," ते म्हणाले. "बसने तासाभराचं तर अंतर."

"येईन, साहेब. पुढच्या आठवड्यातच येतो."

घरी आल्यावर कपडेही न बदलता त्याने मंडळाला सगळं लिहून टाकलं. ती तपासणी होती, जोडणी तोडायची राहिली, आणि मग पाहिली असं जे म्हणालो ते धादांत खोटं होतं. कुणीही धरणावर येऊ नये. मी माफी मागतो.

मग जे यायचं ते आलं, आणि ते त्याने खाली मान घालून वाचलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी नुसतंच 'वा!' म्हटलं. आईसाठी बहिणीला बोलावून घेणाऱ्याने काहीच लिहिलं नाही, तो मंडळातून निघून गेला. हे सगळं फिटरने सोसलं असतं. पण मग एकाने विचारलं, 'आणि कॅप्टननी काय ऐकलं मग?' दुसऱ्याने लिहिलं, 'म्हातारबुवांना भास होतात वाटतं.' तिसऱ्याने हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. चौथा म्हणाला, 'अशा माणसाच्या हातात एके काळी विमान होतं!'

फिटर उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला. कॅप्टनचा मुलगाही त्या मंडळात होता, वडिलांना निरोप ऐकवायचे म्हणून. तोही हे वाचत असणार. फिटरने लिहिलं, 'साहेबांना बोल लावू नका. मीच त्यांना फोन करून गळ घातली. मी पाहिली, तुम्ही ऐकली म्हणा, नाहीतर माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, असं म्हणालो. जुन्या माणसाचा शब्द राखायचा म्हणून ते हो म्हणाले. त्यांना फसवलं ते मीच.'

डॉक्टरचा फोन आला. या वेळी आवाज कोरडा होता. "काका, मीही खोटं बोलतो. दुखणार नाही, असं रोज सांगतो लोकांना. पण म्हाताऱ्या माणसाला असं वापरायचं? तुमची डबी मी नकाशावरून काढतोय. राग मानू नका."

"नाही," फिटर म्हणाला. "काढा."

दुसरा फोन कॅप्टनच्या मुलाचा. त्याने आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "माझे वडील आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. या वयात तुम्ही त्यांना चारचौघांत खोटं पाडलंत. पुन्हा त्यांना फोन करायचा नाही आणि आमच्या दारात यायचं नाही. कळलं?"

मागून कापरा आवाज येत होता, "अरे, दे इकडे, मला बोलू दे, दे तो फोन..."

"बाबा, तुम्ही पडून राहा," मुलगा म्हणाला, आणि मग फिटरला, "कळलं ना?"

एक शब्द बोलला असता तर फिटर सुटला असता. तो शब्द त्याच्या जिभेवर आलाही. मुलगा वडिलांच्या बाजूने उभा होता, इतका ठाम, इतका चिडलेला. फिटरने जीभ आवरली.

"कळलं," तो म्हणाला. "चुकलं माझं."

रविवारी तो धरणावर गेला. मंडळातले दोघंतिघं असे होते की महिनामहिना फोन बघत नाहीत. त्यातलं कुणी आलं तर त्याची खेप फुकट जायला नको, निदान तोंडाने तरी सांगावं, म्हणून. भिंतीच्या टोकाला एक सिमेंटचं बाक होतं, तिथे तो सकाळपासून बसला. वारा होता. पाण्यावर बारीक सुरकुत्या पडत होत्या. एक जोडपं गाडीतून उतरलं, फोटो काढले आणि गेलं. एक पाणबुडा पक्षी बुडी मारायचा तो भलतीकडेच वर यायचा. फिटरने डब्यातला ब्रेड खाल्ला. लांबून गाडी आली की तो उठून उभा राहायचा, शर्ट खाली ओढायचा, काय बोलायचं ते मनाशी जुळवायचा, आणि गाडी न थांबता पुढे जायची.

दुपार कलली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की कुणी आलं नाही म्हणून बरं वाटायला हवं होतं, आणि वाटत नव्हतं. एखादा तरी यायला हवा होता. शिव्या देणारा आला असता तरी चाललं असतं. त्यालाही त्याने सांगितलं असतं, की बघा, इथून ती यायची, नदीवरून, आणि वळताना तिचं पोट दिसायचं.

बसने घरी येईपर्यंत दिवे लागले होते. दार उघडताना फोन वाजला.

"कुठे होतात दिवसभर?" बायको म्हणाली. "कितीदा लावला फोन!"

"धरणावर गेलो होतो."

"धरणावर? एकटेच? काय हो, काय झालंय? आवाज असा का येतोय?"

फिटर बूट न काढता खुर्चीवर बसला. "ऐकशील का? जरा मोठं आहे."

"सांगा की."

त्याने सांगायला सुरुवात केली. पोट बिघडल्याचा तिचा निरोप, ब्रेड, तपासणीची सोय. धरणावरच्या वळणापर्यंत तो आला तेव्हा तिकडे काहीतरी धाडकन पडलं आणि एक पोर रडायला लागलं, मग दुसरंही. "अगं बाई!" बायको म्हणाली. "थांबा हं, ठेवू नका, आलेच मी दोन मिनिटांत."

फोन तिने कुठेतरी तसाच ठेवला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लेकीची पावलं आली. रडणं थोडं उतरलं, मग कुणीतरी नळ सोडला. भांडी वाजली. बायको काहीतरी म्हणाली आणि लेक हसली, मग पोरंही हसली. नंतर दार लागल्याचा आवाज झाला आणि सगळे दुसऱ्या खोलीत गेले असावेत, कारण आवाज लांब गेले, पण अजून येत होते.

दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. ती विसरली होती. फिटरने फोन बंद केला नाही. तो कानाशी तसाच धरून, डोळे मिटून, खुर्चीत बसून राहिला.